शाकाहारी राहावं की व्हीगन व्हावं: दूध, अंडी आणि बाकीच्या गोष्टींचा नैतिक हिशोब

ज्यांनी मांस सोडलं आहे किंवा सोडायचं ठरवलं आहे आणि आता दूध-अंड्यांचं काय करायचं या विचारात आहेत, त्यांच्यासाठी ही तुलना आहे. शाकाहारी म्हणताना इथे फक्त दूध घेणारे आणि दूध-अंडी दोन्ही घेणारे, असे दोघेही धरले आहेत. व्हीगन म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीच न खाणारा आणि जमेल तितकं न वापरणारा.

दोघांचा पाया एकच आहे. प्राण्याला वेदना होते, भीती वाटते आणि आपल्या जिभेची आवड हे त्याला मारायला पुरेसं कारण नाही, एवढं दोघांनाही मान्य असतं. संघटित व्हीगन चळवळ तर शाकाहारी मंडळींमधूनच निघाली. इंग्लंडमध्ये १८४७ साली व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली. तिच्यातल्या दूध न घेणाऱ्या सदस्यांनी संस्थेच्या नियतकालिकात स्वतंत्र जागा मागितली, ती मिळाली नाही, आणि १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी काढली.

मुळातला फरक

शाकाहारी माणूस विचारतो: हे प्राण्याचं शरीर आहे का? व्हीगन विचारतो: यासाठी प्राण्याचा वापर झाला का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ताटाकडे बघून बहुतेकदा मिळतं. दुसऱ्यासाठी गोठ्यापर्यंत आणि उबवणी केंद्रापर्यंत मागे जावं लागतं.

शाकाहारी बाजूचा युक्तिवाद तत्त्वतः चुकीचा नाही. दूध काढायला गाय मारावी लागत नाही, अंडं उचलायला कोंबडी मारावी लागत नाही. अडचण व्यवहारात आहे. व्यापारी उत्पादनात मारणं हा अपघात नसतो, तो हिशोबाचा भाग असतो. ही साखळी नीट पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, म्हणून तिच्यावर थोडं थांबू.

दूध

गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. तिचा गाभणकाळ सुमारे नऊ महिन्यांचा. व्यायल्यावर साधारण दहा महिने ती दुधात असते, मग दोन महिने भाकड. वर्षाला एक वेत साधायचं तर व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांतच पुन्हा रेतन करून तिला गाभण ठेवावं लागतं. म्हणजे वर्षातला बराच काळ ती एकाच वेळी गाभणही असते आणि दूधही देत असते.

वासरांत निम्मे गोऱ्हे. दुधाच्या जातीचा गोऱ्हा दूध देणार नाही आणि मांसाच्या जातीइतका भरणारही नाही, म्हणून त्याला किंमत कमी. तो कोवळ्या वयात किंवा थोडा वाढवून मांसासाठी जातो. सॉर्टेड सीमेन, म्हणजे मादी वासरू व्हावं म्हणून निवडलेलं वीर्य, वापरलं तर सुमारे ९० टक्के कालवडी जन्मतात, त्यामुळे गोऱ्हे कमी होतात. पण मग जास्तीच्या कालवडींचं काय, हा प्रश्न उरतोच. मोठ्या डेअऱ्यांमध्ये वासराला आईपासून पहिल्या चोवीस तासांतच वेगळं करण्याची पद्धत आहे, कारण जितका उशीर तितका दोघांचा हंबरडा जास्त आणि विक्रीचं दूध कमी.

गाय वीस वर्षांपर्यंत जगू शकते. तरी जास्त दूध देणाऱ्या कळपांतली गाय पाच-सहा वर्षांची असतानाच काढून टाकली जाते. कारणं तीच तीच: गाभण न राहणं, कासदाह, लंगडणं, घटलेलं दूध. ती जाते कत्तलखान्यातच. दूध आणि गोमांस हे वेगळे धंदे नाहीत, ही गोष्ट शाकाहारी वाचकाने सगळ्यात आधी समजून घ्यायला हवी.

कत्तल न करणाऱ्या डेअऱ्या आहेत. तिथे भाकड गाई आणि गोऱ्हे मरेपर्यंत सांभाळतात. पण पाच-सहा वेतांच्या दुधावर त्या गाईची आणि तिच्या सगळ्या वासरांची वीस वर्षं पोसायची, तर ते दूध महाग आणि थोडंच असणार. असं दूध मिळत असेल तर विचारायचे प्रश्न तीन: गोऱ्हे सध्या कुठे आहेत, दूध आटलेल्या गाई कुठे आहेत, वासरू किती दिवस आईजवळ असतं. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘दुसऱ्या शेतकऱ्याला देतो’ असं आलं, तर साखळी फक्त एक पायरी लांबली आहे.

अंडी

अंड्यांच्या बाबतीत हिशोब आणखी कडक आहे. अंड्यासाठी आणि मांसासाठी कोंबड्यांच्या जाती वेगळ्या असतात. अंड्याच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा वाढतही नाही. म्हणून उबवणी केंद्रात पिल्लू बाहेर आलं की लिंग बघून नर त्याच दिवशी मारतात, वायूने किंवा वेगाने फिरणाऱ्या यंत्रात. जगभरात दर वर्षी असे अब्जावधी नर मारले जातात. जर्मनीने २०२२ च्या सुरुवातीपासून यावर बंदी घातली. तिथे अंड्यातच लिंग ओळखण्याचं तंत्र वापरतात किंवा नर पिल्लं वाढवतात.

रानकोंबडी वर्षाला जेमतेम दहा ते वीस अंडी घालते. आजची लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, सुमारे ३०० घालते. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि त्यातलं काही हाडांतून निघतं, म्हणून छातीचं हाड मोडणं हा पिंजऱ्यात आणि मोकळ्या शेडमध्ये दोन्हीकडे आढळणारा त्रास आहे. दीड-दोन वर्षांत अंडी कमी झाली की कळप कत्तलीसाठी विकला जातो.

‘मोकळ्यावर वाढवलेल्या कोंबड्यांची अंडी’ असं लिहिलेलं बघून मनाला बरं वाटतं, आणि कोंबडीला पंख पसरता येतात हा फरक खराच आहे. पण नर पिल्लाचं काय झालं, ते त्या शब्दांतून कळत नाही. मोकळी कोंबडीही बहुतेक वेळा त्याच उबवणी केंद्रातून येते.

किती जीव?

आकडे मांडले की आधी काय सोडायचं याचा क्रम बदलतो. रोज एक लिटर दूध पिणारा माणूस सत्तर वर्षांत साडेपंचवीस हजार लिटर पितो. भरपूर दूध देणाऱ्या गाईच्या तीन-चार वेतांचं ते दूध. म्हणजे जन्मभरात साधारण एक गाय आणि तिची तीन-चार वासरं. रोज दोन अंडी खाणारा वर्षाला ७३० खातो. एक लेयर तिच्या आयुष्यात चारशेच्या आसपास देते. म्हणजे वर्षाला सुमारे दोन कोंबड्या आणि त्यांचे दोन भाऊ. दर वर्षी चार जीव.

चीज आणि लोणी मात्र दुधाचा आकडा फुगवतात. एक किलो कडक चीजला दहा लिटर दूध लागतं, एक किलो लोण्याला वीसच्या आसपास.

इथेच नवशाकाहारी माणसाची सर्वात मोठी चूक होते. मांस सुटतं आणि त्याची जागा अंडी व चीज घेतात. एका मोठ्या गुरापासून दोनशे किलोच्या आसपास मांस मिळतं. ते सोडून रोज तीन अंडी सुरू केली, तर मरणाऱ्या प्राण्यांची संख्या वाढू शकते. ब्रॉयलर सोडून अंडी खाल्ली तर ती घटते, कारण तेवढ्याच प्रथिनांसाठी अंड्यांत कमी पक्षी मरतात. त्यामुळे शाकाहाराने हिंसा किती कमी झाली, हे आधी काय खात होतो आणि त्याच्या जागी काय आणलं यावर अवलंबून आहे.

पर्यावरणाचा हिशोब थोडक्यात. २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या, सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केलेल्या अभ्यासानुसार प्राणिजन्य अन्न जगातली ८३ टक्के शेतजमीन वापरतं आणि १८ टक्के उष्मांक देतं. त्याच माहितीवरून एक किलो चीजचं सरासरी उत्सर्जन चिकनच्या दुपटीहून जास्त निघतं. मांस नको म्हणून चीज खाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

लपलेले घटक

यातले बरेच शाकाहाराच्या व्याख्येतही बसत नाहीत. पारंपरिक चीज करताना दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट हे द्रव्य वापरतात. पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजमध्ये तर नियमानेच तेच असतं. सूक्ष्मजीवांपासूनचं किंवा किण्वनाने तयार केलेलं कायमोसिन (रेनेटमधलं दूध घट्ट करणारं द्रव्य) असेल तर चीज शाकाहारी. जिलेटिन कातडी-हाडांचं. वेष्टनावर ‘ई’ क्रमांकाने लिहिलेल्या घटकांपैकी ई १२० हा लाल रंग किड्यांपासूनचा. ड३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून. ते शाकाहारी माणसाला चालतं, व्हीगनला नाही, त्याने दगडफुलासारख्या लायकेनपासूनचं शोधावं. ई ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण, ई ९०४ म्हणजे लाख.

मध व्हीगन घेत नाहीत: पोळ्याचा साठा काढून माश्यांना साखरेचं पाणी देणं हा त्यांच्या दृष्टीने वापरच. रेशमाला कोष उकळताना आतला जीव मरतो. अर्ध्या किलोला अडीच-तीन हजार कोष लागतात. अंडं टाळणारा शाकाहारी रेशीम कोणत्या तर्काने नेसतो, याचं उत्तर त्याच्या स्वतःच्या नियमात सापडणं कठीण आहे.

दोघांनाही अडचणीत टाकणारे प्रश्न

शेतीतही जीव मरतात: नांगरणीत, कापणीत, फवारणीत. व्हीगन असणं म्हणजे हात पूर्ण स्वच्छ असणं, हा दावा खोटा आहे आणि जाणकार व्हीगन तो करत नाहीत. त्यांच्या व्याख्येत ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ ही अट आहेच. पण हाच मुद्दा दूध-अंड्यांच्या बाजूने वापरता येत नाही, कारण जनावर खातं तेही पीकच, आणि त्यातल्या बहुतेक उष्मांकांचा त्याच्या शरीरातच खर्च होतो. अपवाद फक्त माणसाला निरुपयोगी अशा गवतावर चरणाऱ्या जनावरांचा, आणि तो खुल्या मनाने मान्य करावा.

औषधांच्या बाबतीत दोघांची भूमिका बहुधा सारखीच असते. कॅप्सूलमध्ये जिलेटिन असलं तरी औषध बंद करायचं नाही; गोळी किंवा वनस्पतिजन्य कॅप्सूल आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं.

शरीराची जबाबदारी

प्राण्यांचा विचार करताना स्वतःची आबाळ झाली, तर माणूस वर्षभरात जुन्या आहारावर परततो. तेव्हा हा भाग नीतीच्या बाहेरचा नाही.

व्हीगन आहारात बी१२ बाहेरूनच घ्यावं लागतं: रोज १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. आकड्यांतली तफावत बघून गोंधळू नये. एका वेळी मोठा डोस घेतला तर शरीर त्याचा अगदी छोटा अंश शोषतं. स्पिरुलिना या शेवाळाच्या पुडीवर विसंबू नये, त्यातलं बहुतेक बी१२ माणसाच्या उपयोगाचं नसतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून ‘दोन वर्षं झाली, मला काही झालं नाही’ हा पुरावा ठरत नाही. आणि भरपूर फॉलिक ॲसिड मिळालं की रक्तक्षय दिसत नाही, मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालू राहतं. दूध अगदी थोडं घेणाऱ्या शाकाहाऱ्यालाही बी१२ कमी पडू शकतं.

कॅल्शियमसाठी वनस्पतिजन्य दूध निवडताना १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम असल्याची खात्री करावी आणि डबा नीट हलवून मगच ओतावं, कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. टोफू कॅल्शियम सल्फेटसारख्या कॅल्शियमच्या क्षाराने घट्ट केलेला असेल तरच त्यात भरपूर कॅल्शियम असतं. आयोडीनचा विचार दूध सोडताना हमखास राहून जातो. आयोडीनयुक्त मीठ घरात असावं.

मग ठरवायचं कसं

तुमचा आक्षेप प्राण्याला वापरण्यालाच असेल, तर व्हीगन हेच सुसंगत उत्तर आहे. दयाळू डेअरीने तो आक्षेप मिटत नाही. आक्षेप वेदनेला आणि मारण्याला असेल, तर कत्तल न करणाऱ्या ठिकाणचं थोडं दूध तर्कात बसू शकतं, बाजारातलं नेहमीचं दूध बसत नाही. आमच्या मते साखळी माहीत झाल्यावर ‘कुणाला मारत नाही’ या कारणासाठी नेहमीची अंडी खाणं टिकणारं नाही.

एकदम सगळं जमत नसेल तर क्रम असा ठेवावा: आधी अंडी, मग चीज आणि लोणी, मग प्यायचं दूध. बहुतेक लोक उलटं करतात. चहातलं दूध आधी सोडतात, कारण पर्याय सहज मिळतो, आणि अंडी-चीज वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवतात. प्रत्येक पायरीला महिनाभर द्यावा आणि जे सोडलं त्यातली प्रथिनं कडधान्य, सोयाबीन किंवा टोफूने त्याच जेवणात भरून काढावीत. बी१२ मात्र पहिल्या पायरीलाच सुरू करावं. कपाटातल्या जुन्या लोकरी आणि चामडी वस्तू फेकून देण्याने कोणताही प्राणी वाचत नाही. त्या झिजेपर्यंत वापराव्यात आणि पुढची खरेदी वेगळी करावी.