गळू फोडल्यावर: गॉज भरावा की लूप घालावा?

पिकलेलं गळू फोडायलाच हवं, त्यावर दुमत नाही. सुईने पू ओढून भागवण्याचा मोह टाळा. घट्ट पू सुईत येत नाही, कप्पे तसेच राहतात आणि गळू पुन्हा भरतं. खरा प्रश्न पोकळी उघडी कशी ठेवायची हा: आत गॉजची पट्टी भरून (पॅकिंग), की दोन चिरांमधून रबराचं कडं, म्हणजे लूप, ओवून. इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयासारख्या कॅज्युअल्टीत त्याचं उत्तर बरंचसं पेशंटच्या गावावर ठरतं. शहरातल्या राजवाड्याजवळचा पेशंट उद्या ड्रेसिंगला येईल. दूरच्या झाबुआ जिल्ह्यातून आलेल्याची बस आणि रोजी दोन्ही बुडतात, तो येणार नाही असंच धरा.

भूल दोन्हीकडे सारखीच. सुजलेल्या, आम्लधर्मी जागी लिग्नोकेन नीट चढत नाही, म्हणून गळवाभोवती रिंगण करून द्या. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोला 4.5 मिग्रॅ, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 2 टक्क्यांचं साधारण 13 मिली. तेवढंच सलाईन मिसळून 1 टक्का केलंत तर त्याच डोसमध्ये रिंगणाला दुप्पट मिली मिळतात.

पॅकिंगमध्ये 11 नंबरच्या ब्लेडने त्वचेच्या रेषेला धरून चीर द्यायची, आर्टरी फोर्सेप्सने कप्पे फोडायचे, सलाईनने धुवायचं आणि रिबन गॉज सैल सोडायचा. ठासून भरला की तोच बूच होतो नि पू आत अडतो. 24 ते 48 तासांनी वाळलेला गॉज ओढताना पेशंट कळवळतो. 5 सेंटिमीटरहून लहान गळवात त्या गॉजने दुखणं वाढतं, फायदा फारसा दिसत नाही.

लूपला दोन छोट्या चिरा पुरतात, अर्ध्या सेंटिमीटरच्या, एकमेकींपासून 4 सेंटिमीटरच्या आत. एकीतून फोर्सेप्स घालून कप्पे फोडा, टोकाने पलीकडची त्वचा उचला, तिथे दुसरी चीर द्या आणि लूप ओढून घ्या. व्हेसल लूप (शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी बाजूला धरायची लवचिक दोरी) नसेल तर निर्जंतुक ग्लोव्हच्या मनगटाकडची पट्टी चालते. रबर निसटतं, म्हणून चार-पाच गाठी मारा. पण सैल, नाहीतर त्वचा कापते. पेशंटने घरी रोज धुवून लूप मागेपुढे सरकवायचा. पू थांबला की, बहुधा 7 ते 10 दिवसांत, जवळच्या आरोग्य केंद्रातही तो कापून काढता येतो. गावाहून आलेल्यांसाठी आमचं मत लूपलाच.

अँटिबायोटिक ही फोडण्यानंतरची जोड, तिला पर्याय समजू नका. 2016च्या अमेरिकी चाचणीत गळू फोडून कोट्रायमोक्साझोल दिलेले सुमारे 80 टक्के बरे झाले, प्लासिबोवाले (औषध नसलेली गोळी घेणारे) 74. फरक आहे, पण थोडा. साखर मात्र प्रत्येकाची तपासा.

जांघेतली गाठ ठोके देत असेल तर ती गळू नसून धमनीचा फुगा असू शकते; ब्लेड खाली ठेवा, आधी सोनोग्राफी. गुदद्वाराजवळचं, स्तनातलं आणि तळहातातलं गळू सर्जनकडेच पाठवा.