शिव्या देणारा पेशंट: केस करायची की अट घालायची?

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात एखाद्या आरोग्य केंद्रात कुणी सिस्टरच्या अंगावर धावून गेला, तर वाटा दोन.

पहिली पोलिसांची. 2010 चा राज्याचा कायदा आहे: डॉक्टर-नर्सवर हल्ला केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची भरपाई दुप्पट. हात उचलला की चर्चा नकोच. पण केस झाली म्हणून त्याचं बीपी उतरत नाही. सांगली शहरात तो दुसरा दवाखाना गाठेल. वाडीवस्तीवरचा जाणार कुठे?

दुसरी वाट अटींची: उपचार चालू ठेवायचे, पण अटी घालून. ठरावीक वार, सकाळची वेळ, सोबत घरचं एक शांत माणूस, खोलीत दोन कर्मचारी, डॉक्टरांची खुर्ची दाराजवळ. केसपेपरवर त्याचे शब्द जसेच्या तसे (लिहिताना लाज वाटली तरी). आणि सगळ्यात आधी ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचं यंत्र)! साखर उतरलेला, डोक्याला मार लागलेला किंवा दारू एकदम सोडलेला माणूसही असाच बरळतो, मारायला उठतो. ‘दारुडा’ म्हणून त्याला हाकललं, तर जीव जाऊ शकतो. पहिल्या वाटेवर नेमकं हेच तपासायचं राहून जातं.

नुसत्या शिव्या असतील तर मी दुसरी निवडेन, पण माणसं हजर असतील तरच. रात्रपाळीला एकट्या असलेल्या सिस्टरला अटी-बिटी सांगू नयेत. तिने आतून कडी लावावी आणि 112 फिरवावा.