पिस्तुलाचा एक पार्ट आणि सात वर्षांच्या तुरुंगाची भीती

स्पर्धेसाठी स्वतःचं .२२ (बारीक गोळीचं) पिस्तूल असलेल्या मुंबईतल्या नेमबाजांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे जरूर वाचावं. तक्रार चालू आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण आम्हाला कसं गुंडाळलं ते सगळं सांगतो.

माझा भाचा २५ मीटर रॅपिड फायर मारतो. पाच टार्गेटं, पाच गोळ्या आणि शेवटी वेळ उरतो फक्त ४ सेकंदांचा. वरळीच्या रेंजवर सराव करताना त्याने ट्रिगर एकदा दाबला आणि गोळ्या दोन सुटल्या. त्याने नळी टार्गेटकडेच ठेवली, मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं केलं आणि रेंज ऑफिसरला बोलावलं. ‘परत होतंय का बघू’ म्हणत पुढची गोळी मारणारे बहाद्दर कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. आंतरराष्ट्रीय नियमांतही असं झालं की खेळाडूने ताबडतोब थांबायचं असतं.

कोचनी आधी पकड तपासली. पकड सैल असेल तर धक्क्याने पिस्तूल मागे येतं आणि बोटाकडून ट्रिगर नकळत पुन्हा दाबला जातो. तसं काही नव्हतं. मग उरतो यंत्रातला दोष. गोळी सुटली की स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे जातो, हॅमर म्हणजे घाव घालणारी हातोडी पुन्हा चढते आणि सिअर नावाचा छोटा खटका तिला अडवून धरतो. बोट सैल होईपर्यंत ट्रिगरचा सिअरशी संबंध तोडून ठेवायचं काम डिस्कनेक्टरचं. सिअरची कड झिजली, डिस्कनेक्टर मळाने अडकला, ट्रिगर हलका करायच्या नादात स्क्रू जास्त फिरवले गेले किंवा गोळीवर आदळणारी फायरिंग पिन पुढेच अडकून राहिली, तर एकाच्या दोन होतात. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. ते जळून, घट्ट होऊन आत बसतं. म्हणजे पहिला संशय साध्या घाणीवर घ्यायला हवा, आणि कोच तेच म्हणत होते.

पण शस्त्र उघडून दुरुस्त करायचं तर दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच जावं लागतं, म्हणून दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या दुकानात गेलो. परवाना भिंतीवर लावलेला, पावती रीतसर. शेठ अगदी गोड बोलणारा. पिस्तूल हातात घेतलं, दोनदा खटखट केलं आणि म्हणाला, ‘सिअर गेला साहेब. जर्मनीहून मागवावा लागेल.’ साडेअठरा हजार, आगाऊ.

पिस्तूल परत मिळालं तेव्हा भाच्याने जुना सिअर मागितला. ‘तो कंपनीला परत पाठवावा लागतो.’ नव्या पार्टचं खोकं? ‘कारागिराकडे राहिलं.’ बिलात टेस्टिंगच्या ५० गोळ्याही लावलेल्या होत्या. त्या गल्लीतल्या माळ्यावर ५० गोळ्या कुठे झाडल्या, हे मी विचारलं. शेठने चहा मागवला.

रेंजवर पहिल्या काही गोळ्या नीट गेल्या. नंतर एकदम तीन सुटल्या.

खरी गंमत पुढे आहे. तक्रार घेऊन गेलो तर शेठने शटर अर्धं खाली ओढलं, आवाज उतरवला आणि मोबाईलवर १९५९ चा शस्त्र कायदा उघडला. ट्रिगर दाबून धरल्यावर मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतील असं शस्त्र म्हणजे प्रतिबंधित शस्त्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते बाळगण्याची शिक्षा ७ ते १४ वर्षं. ‘तुमचं आता ऑटोमॅटिक झालंय. कुणी बोललं तर पोरगा आत जाईल. मला देऊन टाका, आजच कागद करू.’ आणि भाव सांगितला तो पिस्तुलाच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याचाही नव्हता.

भाच्याचा चेहरा पांढराफटक. ‘मामा, देऊन टाकू या,’ असं तो माझ्या कानात पुटपुटला सुद्धा. त्याच्यासाठी परवाना म्हणजे सगळं करिअर.

पण ‘आजच’ या शब्दाने शेठचंच पितळ उघडं पडलं. आपलं शस्त्र दुसऱ्याला विकायचं तर आधी पोलिसांना लेखी कळवावं लागतं आणि ४५ दिवस थांबावं लागतं. हे आम्हाला ठाऊक होतं, आणि त्याला तर आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. शिवाय कायद्यात शब्द आहेत ते ‘तशी रचना केलेलं किंवा तसं बदलून घेतलेलं’ शस्त्र, असं आमच्या वकिलांनी दाखवून दिलं. झिजलेल्या पार्टमुळे होणारा बिघाड त्यात सहज बसवता येत नाही. मात्र बिघाड कळल्यावरही तसंच वापरत राहणं अंगाशी येऊ शकतं, म्हणून रेंज ऑफिसरची नोंद, पावत्या, दुरुस्तीची तारीख हे सगळं जपून ठेवा, असं त्यांनी बजावलं.

दुसऱ्या परवानाधारक गनस्मिथने (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) आमच्यासमोर पिस्तूल उघडलं. ‘जर्मनीचा नवा’ सिअर जुनाच निघाला. बाजूंना वर्षानुवर्षांची झीज, आणि कडेवर फक्त ताज्या घासणीच्या रेघा. त्या घासण्यामुळे हॅमर धरायला जी थोडी जागा होती तीही कमी झालेली, म्हणून दोनाच्या तीन. डिस्कनेक्टरवर काळा चिकट थर तसाच होता. मूळ दुखणं तेच असावं, असं त्याचं मत पडलं. साफसफाईने भागलं असतं. आता सिअर खरोखरच बदलावा लागला. या माणसाने जुना पार्ट न मागता पुडीत बांधून हातात दिला, नव्याचं सीलबंद पाकीट आमच्यासमोर फोडलं आणि १००० ग्रॅमचं वजन लावून ट्रिगर तपासून दाखवला. स्पर्धेत ट्रिगर किमान तेवढं वजन पेलणारा लागतोच.

ती पुडी, दोन्ही पावत्या आणि गनस्मिथचा लेखी अभिप्राय जोडून आम्ही पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत अर्ज दिला. त्यानंतर शेठचा माणूस घरी आला. दहा हजार रोख आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहिलेला कागद. भाच्याने पैशांची पावती मागितली, तेव्हा तो कागद आणि पाकीट दोन्ही उचलून निघून गेला.