किक-अप सुकाणू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी शिडाची होडी १४ फुटी, सेंटरबोर्डवाली, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारी आणि बोल्टवर फिरून वर उचलली जाणारी फळी असलेली. आधीची तीन वर्षं तिला अखंड, न उचलणारं सुकाणू होतं. एका संध्याकाळी परतताना ते वाळूच्या उंचवट्यावर आपटलं आणि खालची बिजागरी स्क्रूसकट मागच्या फळीतून उपटून आली. मग किक-अप घेतलं. यात पातं एका बोल्टवर फिरतं, तळ लागला की मागे उचललं जातं.

पहिला महिना मी हैराण होते. वारा जरा वाढला की टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) दोन्ही हातांनी ओढावा लागे. शीड कमी करून पाहिलं, डोलकाठीचा कल बदलला, फरक शून्य. शेवटी मागे वाकून पाण्यात पाहिलं तर पातं वीतभर मागे झुकलेलं! पातं असं झुकलं की पाण्याचा दाब सुकाणूच्या आसापासून लांब पडतो, आणि टिलर जड होतो. चूक होती पातं खाली ओढून धरणाऱ्या दोरीची. लाकडी पातं तरंगायला बघतं आणि नायलॉनची दोरी ताणाखाली लांबते. तिच्या जागी डायनिमाची, म्हणजे जवळजवळ न ताणणाऱ्या धाग्याची दोरी आणि ती पकडून ठेवणारा, पण ताण वाढला की आपोआप सुटणारा क्लीट बसवला. त्या दिवसापासून टिलर दोन बोटांत फिरतो.

आता तळ लागला की टक्कन आवाज येतो, क्लीट सुटतो, टिलर जड होतो. खोल पाण्यात आल्यावर दोरी परत ओढायची, बस्स. मागची फळी शाबूत आहे.

तक्रारी दोन. पात्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या गालपट्ट्यांमध्ये पातं हलायला लागलं होतं, नायलॉनचे वॉशर घालून ते थांबवलं. दुसरी जास्त महत्त्वाची: लाटेने होडी मागे ढकलली तर पातं उचललं जात नाही, उलट अडकतं. म्हणून किनाऱ्याला लागताना मी ते आधीच वर घेते.

तुम्ही कायम धक्क्यावरून खोल पाण्यातच निघत असाल तर अखंड सुकाणूच घ्या. हलकं, घट्ट, बिघडायला काही नाही. ऑप्टिमिस्टला (मुलांच्या छोट्या शिडाच्या होडीला) तेच असतं. आयएलसीएचं (एकट्याने चालवायच्या, पूर्वी लेझर म्हणत त्या होडीचं) पातं मात्र उचलता येतं. आणि होडीला सेंटरबोर्डऐवजी उभा सरकणारा डॅगरबोर्ड असेल तर तळाचा पहिला दणका बहुधा त्यालाच बसेल, तिथे नुसत्या किक-अप सुकाणूवर विसंबू नका.

जुनं सुकाणू दुरुस्त करून ठेवलंय. त्याच बिजागऱ्यांत बसतं, खोल पाण्याच्या दिवशी अजूनही लावते.