दृष्टिभ्रमाच्या कार्डांचा सेट: मस्त आहे, पण एक कार्ड खरंच खराब निघालं

पोरीसाठी मागवला होता. २४ कार्डं, एक छोटी माहितीपुस्तिका आणि दोन भोकं पाडलेली एक काळी पट्टी. पट्टी बघून वाटलं हे काय फालतू टाकलंय सोबत, पण आता सांगतो, सेटमधली खरी वस्तू तीच आहे.

कारण पट्टीशिवाय कुणी विश्वासच ठेवत नाही. बुद्धिबळाच्या पटाचं कार्ड घ्या, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एडवर्ड अ‍ॅडलसन यांनी १९९५ मध्ये केलेलं, पटावर एक हिरवा दंडगोल, त्याची सावली, सावलीबाहेरचं काळं घर ए आणि सावलीतलं पांढरं घर बी, आणि दोन्ही घरांचा राखाडी अगदी सेम. बायको म्हणाली काहीही काय, मी काय आंधळी आहे का. पट्टी ठेवली, दोन्ही भोकांत एकच राखाडी. पट्टी उचलली, परत एक काळं एक पांढरं!! माहीत असूनही डोळे ऐकतच नाहीत. मेंदू किती उजेड आला ते मोजत बसत नाही, सावली आहे म्हणजे मूळ रंग उजळ असणार असा हिशोब तो आपला आपणच करून टाकतो, शेजारची घरं बघून.

पुस्तिकेत शेव्रलचा किस्सा आहे तो मला सगळ्यात आवडला. पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यात हा रसायनतज्ज्ञ १८२४ पासून रंगाईचा प्रमुख, आणि तक्रार यायची की काळा रंग फिका पडतो. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याची मजा घालवत होते.

आता माझी तक्रार. एका कार्डावर मधली पट्टी सगळीकडे एकसारखी राखाडी हवी आणि मागची बॅकग्राउंड गडद ते फिकी, म्हणजे मधली पट्टी बॅकग्राउंडच्या उलटी बदलताना दिसते. आमच्या कार्डावर ती भोकांतूनही बदलतेय! छपाईच गंडलीय. कस्टमर केअरला फोटो पाठवला तर उत्तर काय, सर तो दृष्टिभ्रम आहे, तसंच दिसणार 😂 शेवटी कात्री घेतली, कार्डावरच्या त्या मधल्या पट्टीच्या दोन्ही टोकांचे तुकडे कापले आणि पांढऱ्या कागदावर एकमेकांना चिकटवून ठेवले. फरक सरळ दिसतो. शेव्रलकडे रंग बरोबर होता आणि लोक चुकले होते, इथे उलटं आहे हो.

लॅमिनेशन फार चकचकीत आहे, दिव्याखाली चमक मारते, खिडकीजवळ बसून बघा. २०१५ मध्ये इंटरनेटवर गाजलेला तो निळा-काळा की पांढरा-सोनेरी ड्रेस यात असेल वाटलं होतं, नाहीये.

५ पैकी ४. कापलेल्या तुकड्यांचा फोटोही पाठवलाय, अजून रिप्लाय नाही.