नॉसॅक-50 सेफ्टी सर्व्हे: फॉर्म भारी, एजन्सी बघून घ्या

चाकणला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, सेफ्टी बघतो. यंदा सुरक्षा सप्ताहात नुसती घोषणा स्पर्धा नको म्हणून एजन्सी बोलावून नॉसॅक-50 करून घेतलं. फॉर्म नॉर्डिक देशांतल्या संशोधकांचा, पेपर 2011 चा. 50 वाक्यं, सात भाग, मॅनेजमेंट सेफ्टीला खरंच किती मानते इथपासून ते आपल्या पोरांचा एकमेकांवर भरवसा किती इथपर्यंत. पर्याय चारच, पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत, मधलं "ठीकठाक" नाहीच, हे मला जाम आवडलं, नाहीतर आपल्याकडे सगळे मधल्यावर टिक मारून चहाला पळतात.

आता रडगाणं. एजन्सीने फॉर्म वाटले कँटीनमध्ये, शेजारी सुपरवायझर उभा आणि हजेरीच्या कागदावर टोकन नंबर. एक ऑपरेटर हळूच मला विचारतो, "साहेब, कुठलं टिक केलं की ओव्हरटाइम बंद नाय होणार?" तिथेच कळलं की काय निघणार. बऱ्याच जणांनी वरून खाली सरळ 4, म्हणजे पूर्ण सहमत, मारलेत. पण फॉर्मात काही वाक्यं मुद्दाम उलटी आहेत, म्हणजे वरून कारवाई होईल या भीतीने निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) कळवत नाहीत असं, आणि तिथेही सहमत! अशा वाक्यांचे मार्क उलटे धरायचे असतात, 4 चा 1, एजन्सीने ते केलंच नव्हतं, तसाच रंगीत रिपोर्ट दिला, सरासरी 3.6. साहेब खूश, केक कापायचाच बाकी होता.

एक्सेल मागवून मीच बसलो. मग दुसऱ्यांदा भरून घेतलं, नाव नाही, टोकन नाही, कुलूपबंद पेटी, सुपरवायझर बाहेर, कंत्राटी पोरांचा गठ्ठा वेगळा. मॅनेजमेंटवाल्या भागात साहेब लोकांनी स्वतःलाच 3.4 दिले, कंत्राटी पोरांनी 2.4. या फॉर्मच्या हिशोबात 3.30 च्या वर चांगलं आणि 2.70 च्या खाली म्हणजे वाईट. साहेब आधी म्हणाले पोरांना प्रश्न कळले नसतील. मग त्यांना तीन नंबर प्रेसवर नेलं, टू-हँड बटणातलं (दोन्ही हात गुंतल्याशिवाय प्रेस चालू नये म्हणून असतात ती दोन बटणं) एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं, टार्गेटसाठी, आणि ते सगळ्यांना माहीत होतं, एक मला सोडून.

फॉर्मला 5 पैकी 4, एक कापला कारण 50 वाक्यं शिफ्ट संपताना फार होतात. एजन्सीला दीड. त्यांचं पुढच्या वर्षीचं कोटेशन आलंय, अजून उघडलं नाही.