पाणी नेमकं कुठे मुरतंय? सोसायटीच्या जमिनीखालची गळती शोधायच्या पद्धती, समोरासमोर

पाण्याचं बिल वाढलं, खालची टाकी रात्रीतून उतरायला लागली, की सोसायटीच्या कमिटीपुढे साधारण तीन प्रस्ताव येतात. नेहमीचा प्लंबर म्हणतो, "दोन-तीन ठिकाणी खणून बघू." दुसरा हेडफोन आणि मायक्रोफोन घेऊन येतो आणि जमिनीवरून ऐकून जागा सांगतो. तिसरा लाइन रिकामी करून तिच्यात गॅस सोडायचं म्हणतो. मग चर्चा दरावर घसरते. खरं तर दर बघायच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवेत: पाइप कशाचा आहे, आणि त्यात दाब किती नि किती वेळ असतो? कोणती पद्धत चालेल हे बहुतांशी या दोन उत्तरांवर ठरतं, आणि कोटेशनमध्ये नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

आधी एक रात्र फुकटातली

यंत्र बोलवायच्या आधी गळती आहे का आणि कोणत्या तुकड्यात आहे, एवढं तरी घरच्या घरी समजतं. रात्री बारानंतर पंप बंद करा, टाकीत येणारी आणि टाकीतून जाणारी लाइन बंद करा आणि पाण्याच्या पातळीवर खूण करून ठेवा. टाकी आतून ४ मीटर बाय ३ मीटर असेल तर १ सेंटिमीटर पातळी म्हणजे १२० लिटर. पहाटेपर्यंत पातळी १० सेंटिमीटर उतरली, तर १,२०० लिटर गेले, आणि तेही टाकीच्याच भिंतीतून किंवा तळातून. अशा वेळी पाइपवाल्याला बोलवून काही उपयोग नाही. पातळी एका ठरावीक उंचीवर येऊन थांबत असेल तर तडा त्याच उंचीवर शोधा.

दुसरी चाचणी महापालिकेच्या लाइनची. पाणी येण्याच्या वेळेत टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मीटर बघा. मीटरच्या तबकडीवर एक छोटी चक्री असते, ती थोड्याशा प्रवाहानेही फिरते. टाकीत पाणी जात नसताना ती फिरत असेल, तर मीटर ते टाकी या पट्ट्यात गळती आहे. मीटरच्या आधी, रस्त्याखाली गळत असेल तर खर्च कोणाचा, हे आधी महापालिकेत विचारून घ्या. तक्रार नोंदवा आणि चावीवाल्याच्या मागे लागा.

तिसरी गोष्ट पार्किंगमध्ये किंवा लिफ्टच्या खड्ड्यात झिरपणाऱ्या पाण्याबद्दल. ते नळाचं, बोअरचं की गटाराचं, हे आधी ठरवा. ग्रामपंचायतीत करतात ती ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, इथेही चालते. थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते नळाचं आहे. रंग आला नाही तरी निष्कर्ष पक्का धरू नका, कारण मातीतून झिरपताना क्लोरीन उडून जातं. जोडीला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावा. पुण्यात खडकवासल्याचं पाणी हलकं आणि बोअरचं बरंच जड, त्यामुळे फरक चटकन कळतो. बोअरचं किंवा भूजल निघालं तर विषय वॉटरप्रूफिंगचा आहे.

ऐकणं: दाब असेल तर याला तोड नाही

दाबाखालचं पाणी बारीक भोकातून सुटताना सुस्कारा टाकतं. तो आवाज पाइपमधून आणि मातीतून पसरतो. व्हॉल्व्हवर सळई टेकवून कान लावणं हे त्याचं सगळ्यात जुनं रूप, आणि ग्राउंड मायक्रोफोन हे नवं. जमिनीवर फूट-दीड फुटावर मायक्रोफोन ठेवत पुढे जायचं, आणि आवाज सगळ्यात मोठा तिथे खूण करायची. चांगला माणूस असेल तर जागा अर्ध्या-एक मीटरच्या आत सापडते.

अडचण अशी, की बिडाचा, लोखंडी जीआय किंवा एमएस पाइप आवाज लांबवर नेतो, प्लॅस्टिकचा पाइप तो पिऊन टाकतो. एचडीपीई किंवा पीव्हीसीमध्ये काही मीटरांतच आवाज विरतो, आणि उरतो तो खालच्या पट्टीतला, रस्त्यावरच्या रहदारीत मिसळून जाणारा. दाबही लागतोच. एक किलोच्या (म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो दाबाच्या) खाली आवाज इतका मंद होतो, की तज्ज्ञही अंदाजच बांधतात.

आपल्याकडची मेख इथेच आहे. ऐकण्याची ही यंत्रं चोवीस तास भरलेल्या नळांसाठी घडली. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येतं, आणि टाकीत मोकळं पडत असताना लाइनमधला दाब जवळजवळ संपलेला असतो. त्यावर साधा इलाज आहे: पाणी आल्यावर टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. पाण्याला जायला वाट नाही, दाब चढतो आणि गळती बोलायला लागते. ऐकायला आलेला माणूस हे स्वतःहून करायला सांगतो का, ते बघा. त्याची पारख एवढ्यावरून होते.

मोठ्यात मोठा आवाज म्हणजे गळतीच, असंही नाही. अर्धवट बंद व्हॉल्व्ह, कोपऱ्यातला बेंड, मीटर हे सगळे आवाज करतात. पेव्हर ब्लॉकखाली माती खचून पोकळी झाली असेल तर आवाज तिथे घुमतो. ट्रान्सफॉर्मरची घरघर तर हमखास फसवते. म्हणून रात्री एक ते चार ही वेळ आणि निदान दोन फेऱ्या हव्यात.

कोरिलेटर: हुशार, पण त्याला खरं सांगावं लागतं

यात पाइपच्या दोन टोकांना, म्हणजे दोन व्हॉल्व्हवर किंवा हायड्रंटवर (आग विझवायच्या पाण्याच्या नळावर), सेन्सर लावतात. गळतीचा आवाज जवळच्या सेन्सरला आधी पोचतो, लांबच्याला नंतर. या फरकावरून यंत्र जागा काढतं. हिशोब सोपा आहे. सेन्सरांमध्ये १०० मीटर अंतर, धातूच्या पाइपमधून आवाज सेकंदाला साधारण १,२५० मीटर जातो, आणि फरक आला ०.०४ सेकंद. म्हणजे दोन बाजूंच्या अंतरात ५० मीटरचा फरक, म्हणून गळती जवळच्या टोकापासून २५ मीटरवर.

आता हाच पाइप खरं तर प्लॅस्टिकचा आहे आणि आवाजाचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरायला हवा होता, असं समजा. मग तोच ०.०४ सेकंद गळती ४२ मीटरवर नेऊन ठेवतो. सतरा मीटर चुकीच्या जागी खड्डा! जुन्या सोसायट्यांत तर जीआयच्या लाइनला दर दुरुस्तीत एचडीपीईचं ठिगळ लागलेलं असतं, आणि त्याची नोंद कोणाकडेच नसते. तिथे कोरिलेटरच्या आकड्यावर जेसीबी लावू नका. तो आकडा फक्त 'इथून इथपर्यंत ऐका' एवढं सांगतो. शिवाय सोसायटीतल्या लाइन आखूड आणि वळणावळणाच्या असतात. कोरिलेटरला शोभणारं काम म्हणजे रस्त्याखालची लांब, सरळ, धातूची लाइन. नगरपालिकेच्या अभियंत्याने तो जरूर घ्यावा. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीने फक्त त्याच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

ट्रेसर गॅस: प्लॅस्टिक आणि कमी दाबाच्या लाइनचा तारणहार

५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन असं हे मिश्रण असतं. 'हायड्रोजन' म्हटल्यावर सभेत एक तरी हात वर होतो, पण या प्रमाणात ते पेट घेत नाही. हायड्रोजनचा रेणू सगळ्यात लहान आणि हलका. तो भोकातून सुटतो, माती-मुरुमातून, अगदी काँक्रीटमधूनही वर येतो, आणि जमिनीवरून फिरवलेला सेन्सर त्याचा माग काढतो. आवाजाशी त्याचं काही देणं-घेणं नाही. त्यामुळे पाइप कशाचा, पाणी किती वेळ येतं, बाहेर रिक्षा किती, हे सगळे प्रश्न मिटतात. पाइपचा आवाज येत नाही म्हणून महिनोन्महिने अडलेली कामं यात एका दिवसात उरकतात.

अटी आहेत, पण त्या वेगळ्या. लाइन दोन्ही टोकांना नीट बंद झाली पाहिजे. व्हॉल्व्ह बंद करूनही आतून गळत असेल तर गॅस टाकीत निघून जाईल. गॅसचा दाब कमीच ठेवायचा, कारण जुना पीव्हीसी पाइप दाबलेल्या हवेने फुटला तर तुकडे उडतात. कोटेशनवाला "कॉम्प्रेसरने सहा किलो हवा भरून बघतो" म्हणाला, तर त्याला गेटवरूनच परत पाठवा. गॅस सोडल्यावर चेंबरमध्ये लगेच उतरायचं नाही, नायट्रोजन तिथली हवा हटवतो. संडासाच्या टाकीजवळ किंवा कचरा पुरलेल्या जागी कुजण्यातूनही वायू निघतात, तिथलं रीडिंग दोनदा तपासायचं.

जमीन कशी आहे यावर बरंच ठरतं. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून गॅस सरळ वर येतो. सलग काँक्रीटखाली तो आडवा सरकत जातो आणि भलत्याच भेगेतून डोकावतो. तिथे लाइनच्या वर दर मीटर-दीड मीटरला बारीक ड्रिल मारून आत सेन्सर घालावा लागतो. भर पावसाळ्यात मातीची छिद्रं पाण्याने भरलेली असतात आणि गॅस अडकतो. हे काम जानेवारी ते मे या काळात करा. काळ्या मातीच्या जागी तर हे अधिकच खरं. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, सांधे निखळतात ते तिच्यामुळेच.

किती गॅस लागेल? ५० मिलिमीटरची १०० मीटर लाइन म्हणजे आत जेमतेम २०० लिटर जागा. ४७ लिटरच्या, १५० बारला भरलेल्या एका सिलिंडरमध्ये ७ घनमीटरच्या आसपास गॅस असतो, म्हणजे पुरून उरतो. हाच हिशोब आगीच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या, लाइनला लावून बघा. इमारतींभोवती फिरणारी १५० मिलिमीटर व्यासाची ३०० मीटर रिंग म्हणजे ५ घनमीटरहून जास्त जागा, आणि दाब चढवायचा तर त्याच्या दुप्पट-तिप्पट गॅस. शिवाय ती आधी रिकामी करायची. तिथे गॅस हा महागडा हट्ट ठरतो.

आगीच्या लाइनसाठी उत्तर उलटं

टॉवरवाल्या सोसायट्यांत सगळ्यात जास्त पाणी बऱ्याचदा फायर हायड्रंटच्या जमिनीखालच्या रिंगमधून जातं, आणि खूण एकच: जॉकी पंप, म्हणजे लाइनमधला दाब राखणारा छोटा पंप, सारखा सुरू-बंद होतो. इथे पाइप एमएसचा, दाब पाच-सात किलोच्या घरात आणि तोही चोवीस तास. ऐकायला याहून सोपी लाइन नाही. मायक्रोफोन आधी, गरज पडली तर कोरिलेटर, आणि गॅसचा विचारही नको.

पण त्याआधी एक तपासा. पंपाच्या पुढचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करा, पहारेकऱ्यांना सांगून, अर्ध्या तासापुरताच, आणि रिंगवरचं गेज बघा. दाब टिकला तर रिंग ठणठणीत आहे, दोष पंपाजवळच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा. पाणी उलटं टाकीत परततंय. जमिनीखालची न मिळणारी गळती शोधण्यात पैसे घातल्यावर शेवटी व्हॉल्व्ह बदलून प्रश्न सुटला, असं सर्रास घडतं.

थोडक्यात आटपायच्या पद्धती

जमिनीत पाहणारा रडार, जीपीआर: तो पाइप आणि पोकळी दाखवतो, गळती क्वचितच. ओल्या चिकणमातीत त्याची लहर विरून जाते, म्हणजे दख्खनच्या काळ्या मातीत तो आंधळाच. प्लॅस्टिकच्या लाइनचा मार्गच हरवला असेल आणि जमीन मुरमाड असेल, तरच बोलवा. थर्मल कॅमेरा सोलरच्या गरम पाण्याच्या, फरशीखालच्या लाइनला छान, थंड पाण्याच्या खोल लाइनला नाही. रात्रभर व्हॉल्व्हवर बसवायचे आवाज-लॉगर, म्हणजे आवाज नोंदवून ठेवणारी यंत्रं, हे नागपूर किंवा कराडजवळच्या मलकापूरसारख्या, चोवीस तास पुरवठ्याकडे गेलेल्या गावांच्या यंत्रणेचं काम.

तळहातावर नारळ उभा करणारे पाणाडेही कुणीतरी सुचवतंच. त्यांनी सांगितलेली जागा फुकट असेल तर ऐकून घ्या, त्यावर खड्डा मात्र खणू नका.

मग काय निवडायचं

मीटर ते टाकी, लोखंडी लाइन: व्हॉल्व्ह बंद करून दाब चढवा आणि ऐका. तीच लाइन एचडीपीईची असेल तर थेट गॅस. वरच्या टाकीतून खाली येणाऱ्या, बागेच्या, क्लब हाउसच्या लाइन: चार मजली इमारतीत दाब सव्वा किलोच्या आसपास, त्यात प्लॅस्टिक, म्हणून गॅस. सात मजल्यांवर दोन किलो मिळतात, पाइप जीआय असेल तर आधी ऐकून बघायला हरकत नाही.

महापालिकेची लाइन ड्रेनेजच्या चेंबरला खेटून जात असेल तर घाई करा, कारण पुरवठा बंद झाल्यावर रिकाम्या पाइपमध्ये तेच भोक बाहेरचं पाणी आत ओढतं.

आणि एक निवड अशी, जी कोणताही मशीनवाला तुम्हाला सुचवणार नाही. जीआयची लाइन पंचवीस वर्षांची असेल आणि दोन पावसाळ्यांत तिसरी गळती निघत असेल, तर शोधणं सोडा. पाइप बाहेरून गंजत आलाय. आजचं भोक बुजवलं की दाब शेजारच्या पातळ जागेवर येतो. शोधण्याचे पैसे नव्या एचडीपीई लाइनमध्ये घाला, आणि ती टाकताना वर खुणेची पट्टी नि सोबत तांब्याची तार पुरा, म्हणजे पुढे लाइन कुठून गेली ते लोकेटरने सापडेल.

कोटेशन मागवताना तीन गोष्टी लिहून घ्या: कोणत्या पाइपवर कोणती पद्धत वापरणार, खूण किती मीटरच्या आत खरी ठरायला हवी, आणि खणल्यावर पाणी दिसलं नाही तर किती पैसे कापणार. तिसऱ्या अटीला जो कुरकुर करतो, त्याचा स्वतःच्या यंत्रावर कितपत भरवसा आहे ते कळतंच. दुरुस्ती झाल्यावर खड्डा लगेच बुजवू नका. पाणी आल्यावर मीटरची चाचणी पुन्हा करा. चक्री अजून फिरत असेल तर त्याच लाइनवर दुसरं भोक आहे, आणि माणसं-यंत्र अजून आवारातच आहेत.